जुनी जिप्सी ऑफ-रोडसाठी तयार करताना: आधी काय, मग काय

मे महिना संपत आला की नाशिकमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. कुणीतरी जुनी मारुती जिप्सी घेतलेली असते. तिला नवे कोरे मड टायर, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या), छपरावर दिव्यांची पट्टी आणि पुढे जाडजूड बंपर असतो. खाली वाकून बघावं तर पुढच्या नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) काळं तेल गळतंय, ट्रान्सफर केसची (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीची) रबरं फाटलीत आणि ब्रेकचा होज भेगाळलाय. जूनमध्ये पहिल्याच चिखलात ती गाडी अडकते किंवा मोडते, आणि मालक म्हणतो, जिप्सीत दम नाही.

दम असतो. कंपनीने दिलेल्या अवस्थेतली जिप्सी टाकीत पेट्रोल नसताना टनभरच भरते. तिला शिडीसारखी चासी आहे, चारही बाजूंना कमानपाटे आहेत आणि लो गिअर आहे. चूक होते ती क्रमात. डोळ्यांना दिसतं ते आधी विकत घेतलं जातं, न दिसणारं राहून जातं. हा लेख त्या क्रमासाठी आहे. जुनी १ लिटरची ४१० असो, कार्ब्युरेटरची किंग असो वा एमपीएफआय (इंजेक्शनची), बहुतेक टप्पे सारखेच आहेत. फरक असेल तिथे सांगितला आहे.

सुरुवातीआधी: पैशांची वाटणी

जेवढं बजेट असेल त्याचे शंभर भाग करा. त्यातले पन्नास फक्त दुरुस्तीला ठेवा, पंचवीस टायरला, दहा ओढण्याच्या सामानाला आणि दहा पाटे व उंचीला. उरलेले पाच हातात राहू द्या, कारण एखादा गंजलेला बोल्ट तुटणारच आणि लेथवाल्याकडे जावं लागणारच. या वाटणीत दिव्यांची पट्टी आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) नाही. पहिल्या वर्षी दोन्हींवाचून काही अडत नाही.

एक वही करा. कोणतं काम कधी झालं, कोणतं तेल घातलं, किती किलोमीटरवर, सगळं तिच्यात लिहा.

टप्पा १: कागद आणि चासी

गाडी अजून घेतली नसेल तर इथून सुरू करा, आणि घेतली असेल तरी इथूनच. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. बऱ्याच जिप्सींची इंजिनं बदललेली असतात आणि कागदावर जुनाच नंबर राहिलेला असतो. गाडीला १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरल्याची पावती बघा.

मग गाडीखाली शिरा. सोबत टॉर्च आणि छोटी हातोडी घ्या. पाट्यांचे हँगर जिथे चासीला जोडलेत तिथे, बॉडीच्या रबरांखाली आणि मागच्या ॲक्सलवर चासी जिथे वर वळते तिथे टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणतो. आतून कुजलेला असेल तर आवाज बद्द येतो. नवा काळा रंग मारलेल्या चासीवर जास्त वेळ घालवा, रंगाखाली पुट्टी असू शकते.

*सावधान:* हँगरपाशी चासी कुजलेली असेल तर ती गाडी सोडून द्या. तिथे लावलेलं ठिगळ रस्त्यावर टिकेल, खडकात टिकणार नाही.

कायद्याचंही इथेच बघून घ्या, पैसे खर्च झाल्यावर बघण्यात अर्थ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून इंजिन बदलायचं असेल, बॉडी कापायची असेल किंवा टायरचा साइज बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. लोखंडी बुलबारवर २०१७ पासूनच बंदी आहे. काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नका, पासिंगच्या वेळी लागतात.

टप्पा २: पुढचा ॲक्सल

सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच जागेकडे होतं, म्हणून इथे थांबून काम करा.

जिप्सीच्या पुढच्या चाकामागे लोखंडी गोळा असतो आणि त्याच्याभोवती नकल फिरतं. नकलला वर एक आणि खाली एक अशी किंगपिनची दोन बेअरिंग असतात. आत ग्रीस असतं, बाहेरून चिखल येऊ नये म्हणून मागे फेल्टचं आणि रबराचं सील असतं. हे सील फाटलं की पाणी आत जातं आणि किंगपिनची बेअरिंग गंजतात. मग ५०-६० च्या वेगाला रस्त्यातल्या एखाद्या खड्ड्याने स्टिअरिंग असं थडथडायला लागतं की गाडी थांबवल्याशिवाय ते थांबत नाही.

माझ्या पहिल्या जिप्सीला हे झालं तेव्हा मी एका गॅरेजच्या सल्ल्याने स्टिअरिंग डँपर बसवला. थडथड दबली, आणि आतली बेअरिंग त्याखाली आणखी वर्षभर खात राहिली. शेवटी नकल उघडलं तेव्हा बेअरिंगच्या वाट्यांना खळगे पडले होते. डँपर हा शेवटचा उपाय आहे. आधी झीज काढा.

तपासणी अशी करा:

१. पुढची बाजू जॅकने उचला आणि ॲक्सलखाली घोड्या लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही.

२. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा आहे. तरीही राहिला तर किंगपिनचा.

३. आता चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. इथला खेळ बहुतेक वेळा टाय-रॉडच्या एंडचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा असतो.

४. गोळ्याच्या मागच्या बाजूला बोट फिरवा. कोरडं किंवा नुसतं चिकट असेल तर ठीक. काळं पातळ तेल हाताला लागलं तर ॲक्सलचं आतलं सील गेलंय आणि डिफचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) तेल नकलच्या ग्रीसमध्ये मिसळतंय.

नकल उघडायचंच झालं तर दोन्ही बाजूंचं काम एकदम करा. किंगपिनची चार बेअरिंग, फेल्ट-रबराचा सेट, आतली सील, व्हील बेअरिंग असं सगळं एकाच वेळी बदला. मजुरी एकदाच लागते. किंगपिनखालचे शिम (पातळ चकत्या) मेस्त्रीला फेकू देऊ नका. शिम कमी केले की बेअरिंगवरचा ताण वाढतो, जास्त ठेवले की खेळ राहतो. टाय-रॉड सोडून, नकलच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून ओढ मोजायची आणि ती सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायची. “हाताला बरोबर लागतंय” यावर समाधान मानू नका.

*तपासा, फोर-व्हील खरंच लागतंय का:* सपाट जागी तीन चाकांना पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद, गिअर टाकलेला, ट्रान्सफर फोर-हायमध्ये, आणि फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) असतील तर दोन्ही लॉक. आता पुढचं एक चाक उचलून हाताने फिरवा. थोडा ढिलेपणा सोडून ते फिरता कामा नये. सरसर फिरलं तर हब, ट्रान्सफर किंवा ॲक्सल यांत कुठेतरी जोड सुटलेला आहे. असं दोन्ही बाजूंना करा. ही चाचणी न करता विकत घेतलेल्या जिप्सी मी पाहिल्या आहेत. मालक दोन वर्षं फोर-व्हीलचा दांडा ओढत होते आणि गाडी टू-व्हीलवरच चालत होती.

टप्पा ३: तेल, थंडावा, ब्रेक

दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर या चारही जागांचं तेल बदला. विकणाऱ्याने “कालच बदललं” म्हटलं तरी बदला. आधी भरायचा बोल्ट उघडा, मग खालचा. तेल काढून टाकलं आणि भरायचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरच अडकते. निघालेलं तेल दुधाळ चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. तसं असेल तर नवं तेल थोडं चालवून पुन्हा एकदा बदला.

डिफला जीएल-५ आणि गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं तेल घाला. एकच डबा सगळीकडे ओतू नका, जीएल-५ मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना मानवत नाहीत.

रेडिएटर उतरवून साफ करून घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा. गाडी गरम होते म्हणून तो काढण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. त्याने सकाळी इंजिन गरमच होत नाही आणि झीज वाढते. खरा दोष बहुतेक वेळा रेडिएटरच्या जाळीतला गाळ हाच असतो. लो गिअरमध्ये चढताना इंजिनाचे फेरे जास्त आणि वारा कमी असतो, म्हणून रस्त्यावर गरम न होणारी गाडी डोंगरात गरम होते.

ब्रेकचे तिन्ही रबरी होज नवे टाका, ब्रेक ऑइल बदला, मागचे ड्रम उघडून सिलिंडर बघा. ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, स्वतःच्या रबरांवर लटकलेली असते. ती रबरं फाटली की लो गिअरमध्ये ॲक्सिलरेटर देताच धाडकन आवाज येतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (टोकाच्या सांध्यावर) ताण जातो. रबरं स्वस्त आहेत, बदलून टाका.

कार्ब्युरेटरची गाडी असेल तर एक मर्यादा मान्य करा. तीव्र चढावर किंवा आडव्या उतारावर फ्लोटमधलं पेट्रोल कलतं आणि इंजिन गुदमरतं. फ्लोटची पातळी नीट लावून घेतली की त्रास कमी होतो, पूर्ण जात नाही.

टप्पा ४: ब्रीदर

अख्ख्या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम हे आहे आणि सगळ्यात जास्त वाचवणारंही हेच. डिफ चालून गरम होतं. तसंच ते ओढ्यातल्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ॲक्सलवरचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची छोटी वाट) पाण्याखाली असेल किंवा चिखलाने बुजला असेल तर सीलमधून पाणीच आत येतं.

चारही ब्रीदरना पेट्रोलचा चांगला होज जोडा आणि इंजिनाच्या खोलीत फायरवॉलवर उंच नेऊन बांधा. टोकाला छोटा फिल्टर लावा. ॲक्सल खाली-वर होतो, तेवढी ढील ठेवा आणि सायलेन्सरपासून होज लांब ठेवा.

*तपासा:* होजमध्ये तोंडाने फुंकून बघा. हवा सहज गेली पाहिजे.

टप्पा ५: ओढायची सोय

टायरच्या आधी हे का, असं विचारतात. कारण अडकणार तर आहातच. आणि चुकीच्या जागी लावलेला हूक माणसाचा जीव घेऊ शकतो.

पुढे दोन आणि मागे दोन हूक थेट चासीला असावेत. बंपरला लावलेले नकोत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा असावा आणि आतल्या बाजूने जाड पट्टी द्यावी, म्हणजे बोल्ट पत्रा फाडून येणार नाही. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत असं काम नीट करणारे फॅब्रिकेटर मिळतात. मात्र पट्टी कुठे आणि किती जाड हे तुम्ही कागदावर काढून द्या.

सामान: भार लिहिलेला पट्टा, दोन बो-शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या कड्या), फावडं, फूटभर रुंद जाड फळी, बॉटल जॅक, पंक्चरचं किट, कंप्रेसर आणि चार गोणपाटं. फळी जॅकखाली घालायला, नाहीतर भातखाचरात जॅकच खाली जातो. गोणपाट चाकाखाली घाला, पट्ट्यावर टाकायलाही ते उपयोगी पडतं.

*सावधान:* टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा अडकवून झटका द्यायचा नाही. पट्टा ताणलेला असताना त्याच्या लांबीच्या दीड पट अंतरात कुणीही उभं राहायचं नाही. मुलांना गाडीत बसवण्यापेक्षा लांब उभं करा.

टप्पा ६: टायर

बऱ्याच जिप्सींचा मूळ साइज २०५/७० आर १५, म्हणजे उंची साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ घेतला तर ७०३, २३५/७५ घेतला तर ७३३, आणि ३१ इंची घेतला तर ७८७. गाडीची उंची वाढते ती या फरकाच्या निम्मीच. २१५/७५ ने जेमतेम १८ मिलिमीटर, २३५/७५ ने ३३.

दुसऱ्या बाजूला गिअर लांब होतात. २३५/७५ ला जवळपास १० टक्के, ३१ इंचीला १८ टक्के. किंगचं १.३ लिटर इंजिन खालच्या फेऱ्यांवर जोर देणारं नाही, एमपीएफआयचाही पूर्ण टॉर्क ४५०० च्या आसपास येतो. म्हणून ३१ इंची टायर लावलेली जिप्सी दिसायला रुबाबदार असते, पण चढावर पहिला गिअरही पुरत नाही आणि क्लच जळतो. शिवाय स्पीडोमीटर ६० दाखवताना २३५ वर तुम्ही ६६ ने जात असता.

बजेटमध्ये काम करायचं तर माझं मत स्पष्ट आहे: २१५/७५ आर १५, ऑल-टेरेन. बोलेरोचा साइज असल्याने तालुक्याच्या गावालाही मिळतो. मूळ रिम चालते, कापाकापी लागत नाही, बाहेरून स्पेसर (चाक बाहेर काढणाऱ्या जाड चकत्या) लागत नाहीत. स्पेसर लावून चाक बाहेर काढलं की आधीच थकलेल्या व्हील बेअरिंगवर भार वाढतो.

जुने टायर घेत असाल तर बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी नको.

आता हवा. बिनपैशाचा सगळ्यात मोठा बदल हाच आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या लाल मुरमाच्या आणि दगडी वाटांवर १८ पीएसआय, चिखलात १५-१६. १२ च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिमवरून उतरू शकतो. डांबरावर येण्याआधी हवा परत भरा. कंप्रेसर यादीत आहे तो यासाठीच.

निफाड-दिंडोरीकडची काळी माती वेगळीच. ओली झाली की ती टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. तिथे कुठलाही टायर फार चालत नाही. पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात शिरू नये, आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय तर कोरड्यातही नाही.

टप्पा ७: उंची

आता, आणि आताच, पाट्यांना हात लावा. बऱ्याच जुन्या जिप्सींना लिफ्टची गरजच नसते. त्यांचे पाटे बसलेले असतात. कमान परत आणली, बुश बदलले आणि चांगले शॉक टाकले तर मूळ उंची मिळते, आणि २१५ टायरला ती पुरते.

पाटेवाल्याला आधी विचारा, कमान कशी देणार? भट्टीत लाल करून ठोकून नुसतंच गार करणार असेल तर पाण (पोलादाचा कडकपणा) चढत नाही, आणि पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो. पुन्हा पाण देणारा किंवा थंड ठोकून कमान देणारा शोधा. पाट्यावर वेल्डिंग कधीही नाही.

जास्त उंची हवीच असेल तर दोन इंचांवर थांबा. लांब शॅकल हा सोपा वाटणारा आणि सगळ्यात घातक मार्ग आहे. पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की ॲक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि टप्पा २ मधली थडथड नव्या बेअरिंगवरही परत येते. ॲक्सलवर पाटे चढवण्याचा प्रकारही होतो. त्याने उंची भरपूर मिळते, पण स्टिअरिंगचे रॉड आणि शाफ्टचे कोन सगळेच बिघडतात. ते दुरुस्त करण्याचं बजेट नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

उंची दिल्यावर क्रमाने:

१. यू-बोल्ट नवे टाका. जुने ताणलेले असतात. पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

२. चासीखाली घोड्या लावून चाकं पूर्ण लटकू द्या. ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना, प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड फार बाहेर आला नाही ना, बघा.

३. उलट, एक चाक उंचवट्यावर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. टायर मडगार्डला घासत असेल तर बंप-स्टॉप (ॲक्सलला वर येण्यापासून अडवणारं रबर) वाढवा. पत्रा कापू नका.

४. व्हील अलाइनमेंटला फक्त टो (चाकं आत-बाहेर वळलेली आहेत का) बघून परत येऊ नका, कॅस्टरही मोजून घ्या.

टप्पा ८: पाणी आणि खालचं कवच

स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) लावायचं तर एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत प्रत्येक जोड हवाबंद हवा. इंजिन चालू ठेवून स्नॉर्केलचं तोंड हाताने झाका. इंजिन बंद पडलं तर काम बरोबर. चालूच राहिलं तर ते कुठून तरी हवा घेतंय, पाणीही तिथूनच घेईल.

डिस्ट्रिब्युटर असेल तर त्यावर रबरी कव्हर बसवा, वायरींच्या टोकांना सिलिकॉन ग्रीस लावा. ओढ्यात उतरण्याआधी स्वतः चालत जाऊन खोली बघा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात वर डोंगरावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा चढतो.

*सावधान:* पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. गाडी ओढून बाहेर काढा, सगळे प्लग काढा, मग स्टार्टर मारून आतलं पाणी बाहेर येऊ द्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

कवच म्हणून ट्रान्सफर आणि पेट्रोल टाकीखाली ४-५ मिलिमीटरची लोखंडी प्लेट पुरते. तेल सोडायच्या बोल्टखाली भोक ठेवा आणि चिखल निघून जाईल अशा फटी ठेवा. छपरावर कॅरिअर नको. अरुंद गाडीवर वरचं वजन आडव्या उतारावर उलटवायला मदत करतं.

टप्पा ९: पहिली चाचणी

पहिल्या दिवशी डोंगर नको. ओळखीच्या माणसाचं मोकळं रान, सोबत दुसरी गाडी, आणि दिवसाउजेडी. वनखात्याची जमीन, अंजनेरीचं संवर्धन राखीव क्षेत्र, नांदूर मधमेश्वरची पाणथळ या जागा चाचणीच्या नाहीत.

मातीवर फोर-हाय, मग फोर-लो. डांबरावर फोर-व्हील लावू नका. मधला डिफ नसल्याने वळणावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि दांडा अडकून बसतो. एक चाक हवेत फिरायला लागलं तर ॲक्सिलरेटर वाढवू नका. डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबा, फिरणारं चाक अडतं आणि त्याच ॲक्सलच्या पलीकडच्या चाकाला जोर मिळतो. लॉकरचे (दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या भागाचे) पैसे वाचतात. डिफ वेल्ड करून लॉक करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते धोक्याचं आहे.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चाकांच्या आतला चिखल धुऊन काढा, सुकला की तो चाकाचा तोल घालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी दोन्ही डिफचे खालचे बोल्ट थोडे सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने रात्रभरात तळाशी बसलेलं असतं. पहिला थेंब पाण्याचा निघाला तर तेल बदला, वहीत लिहा, आणि मग ब्रीदरचा कोणता जोड सुटलाय तो शोधा. क्रॉस आणि शॅकलना नवं ग्रीस दाबा, आतलं पाणी त्याबरोबर बाहेर येईल. शेवटी यू-बोल्टवर पाना फिरवून बघा.